पेटंटसाठी स्ट्रेन जमा करताना: माझा अनुभव

आमचा स्ट्रेन, म्हणजे आम्ही तयार केलेला जिवाणूचा वाण, डिपॉझिटरीत (पेटंटसाठीचे सूक्ष्मजीव जपून ठेवणाऱ्या संस्थेत) पोचला होता, जिवंत होता, त्यांच्याच प्लेटवर वाढत होता, आणि तरीही पावती मिळत नव्हती. पेटंटचा अर्ज त्या एका पावतीसाठी खोळंबला होता. या गोष्टीला बरेच दिवस झाले, पण माझा राग अजून पुरता गेलेला नाही. ज्यांच्यावर ही वेळ येणार आहे, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

मुळात स्ट्रेन जमा का करायचा, हा प्रश्न मलाही नवख्या सहकाऱ्यांकडून नेहमी येतो. यंत्र असेल तर आकृती काढून देता येते, रेणू असेल तर रचना. सूक्ष्मजीवाचं तसं नाही. आमचा स्ट्रेप्टोमायसीस हा जिवाणू मातीतून वेगळा केलेला. त्याला अतिनील किरण दाखवायचे, वाचलेल्या वसाहती तपासायच्या, त्यातली जास्त एन्झाइम देणारी उचलायची आणि पुन्हा तेच, असं करत करत आम्ही या म्युटंटपर्यंत, म्हणजे डीएनए बदललेल्या वाणापर्यंत, आलो. ही कृती अर्जात अक्षर न अक्षर लिहिली तरी दुसऱ्या कुणाच्या हाती हाच म्युटंट लागणार नाही, कारण डीएनएत बदल कुठे होणार हे कुणाच्याच हातात नसतं. लेखी वर्णन अपुरं पडतं, तेव्हा जीवच आणून ठेवावा लागतो. १९७० साली अमेरिकेतल्या एका खटल्यात, तोही स्ट्रेप्टोमायसीसपासून मिळणाऱ्या प्रतिजैविकाचाच होता, न्यायालयाने ही पद्धत ग्राह्य धरली. १९७७ च्या बुडापेस्ट करारामुळे पुढे एक मोठी सोय झाली: मान्यताप्राप्त अशा कुठल्याही एका आंतरराष्ट्रीय डिपॉझिटरीत स्ट्रेन जमा केला की तो सगळ्या सदस्य देशांत चालतो.

लायोफिलायझेशन (गोठवून वाळवणं), अ‍ॅम्प्यूल म्हणजे काचेच्या छोट्या कुप्या सील करणं, पॅकिंग, कुरिअर यांत सांगण्यासारखं काही घडलं नाही. एवढंच की गोठवून वाळवलेले अ‍ॅम्प्यूल साध्या तापमानाला प्रवास करतात, त्यामुळे ड्राय आइसची कटकट वाचते. ग्लिसरॉल स्टॉक (ग्लिसरॉलमध्ये गोठवलेले जिवाणू) पाठवणार असाल तर ती तुमच्यामागे लागणारच.

गाडं अडलं ते पुढे. डिपॉझिटरी आलेला नमुना आधी वाढवून बघते. तो जिवंत निघाला की बीपी/४ ही पावती आणि बीपी/९ हा जिवंतपणाचा दाखला मिळतो. पावतीवर जो क्रमांक असतो, तोच अर्जात घालायचा असतो. आम्हाला आलं एका ओळीचं पत्र: जमा केलेली संवर्धनं (वाढवलेले जिवाणू) दिलेल्या वर्णनाशी जुळत नाहीत. काय जुळत नाही, कुठल्या माध्यमावर (जिवाणूंच्या खाद्यावर) बघितलं, किती तापमानाला, काहीही नाही. खुलासा विचारला तर उत्तर यायला इतका वेळ लागला की आमच्या पेटंट वकिलांनी तारखांची काळजी करायला सुरुवात केली. आणि उत्तर आलं ते काय, तर तेच वाक्य पुन्हा.

शेवटी फोनवर फोन करून त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एका बाईंपर्यंत पोचले. त्यांनी प्लेटचे फोटो पाठवले आणि मग उलगडा झाला. फॉर्ममध्ये आम्ही लिहिलं होतं की मॅनिटॉल-सोया अगारवर २८ अंशांना राखाडी बीजाणू येतात. फोटोतल्या वसाहती वाढलेल्या होत्या, पण बोडक्या, चकचकीत; बीजाणूंचा पत्ता नाही. ज्यांनी स्ट्रेप्टोमायसीस हाताळला आहे त्यांना हे दृश्य ओळखीचं असेल. हा जिवाणू आधी अगारमध्ये रुतून वाढतो, मग हवेत तंतू उभे करतो आणि त्या तंतूंचे तुकडे पडून बीजाणू होतात. मधली पायरी अडली की वसाहत बोडकी राहते. जिवंत ती असतेच.

आता हे माध्यम बघा. एक लिटर पाण्यात मॅनिटॉल २० ग्रॅम, सोयापीठ २० ग्रॅम, अगार २० ग्रॅम, आणि पाणी नळाचं. कृतीतच तसं आहे आणि आमच्या फॉर्ममध्येही तसंच होतं. तिथे कुणीतरी ‘नळाचं पाणी’ यावर आक्षेप घेतला होता, कारण त्याचे घटक निश्चित नसतात, आणि डिस्टिल्ड पाणी घालून प्लेट ओतल्या होत्या. आम्हाला न कळवता! हवेतले तंतू उभे करायला या कुळातल्या काही जातींना तांबंसुद्धा लागतं, अगदी नाममात्र, पण लागतं. नळाच्या पाण्यातून असं बरंच काही आपोआप मिळत असतं. ते काढून घेतलंत आणि मग वर्णन जुळत नाही म्हणून पत्र पाठवलंत, याला काय म्हणायचं?

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वर्णन जुळत नाही हा आक्षेपच नियमात बसत नव्हता. कराराच्या नियमावलीतला सहावा नियम मी त्या काळात इतक्या वेळा वाचला की तो जवळजवळ पाठ झाला. जमा करणाऱ्याने लेखी काय द्यायचं ते त्यात स्पष्ट आहे: करारानुसार जमा करत असल्याचा उल्लेख आणि मुदतीआधी परत न घेण्याची हमी, नाव-पत्ता, वाढवण्याच्या, साठवण्याच्या व जिवंतपणा तपासण्याच्या अटी, आपली ओळखखूण, आणि आरोग्याला वा पर्यावरणाला धोका आहे का, याची माहिती. शास्त्रीय वर्णन किंवा जातीचं नाव द्यावं अशी जोरदार शिफारस आहे, सक्ती नाही. म्हणजे वर्णनावरून पावती अडवायची नसते. तपासायचं ते एवढंच, की जीव जिवंत आहे की नाही.

हे मी नियमाचा क्रमांक घालून लिहिलं, बीजाणू आलेल्या आमच्या प्लेटचे फोटो जोडले आणि डिस्टिल्ड पाण्यात सूक्ष्म खनिजांचं द्रावण किती मिसळायचं ते मिलिलिटरमध्ये दिलं. त्या बाईंनी नव्याने प्लेट ओतल्या. राखाडी बीजाणू आले आणि त्यापाठोपाठ पावतीही. पाकीट उघडल्यावर मी आधी तारीख बघितली. जमा झाल्याची तारीख अ‍ॅम्प्यूल त्यांच्या हाती पडले त्या दिवसाची होती, कागद निघाला त्या दिवसाची नव्हे. नियम तसाच आहे. तरी डोळ्यांनी बघितल्यावरच जिवात जीव आला, आणि त्या नियमावर अडून राहिल्याचा मला आजही अभिमान वाटतो.

तेव्हा, माध्यमात नळाचं पाणी, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, कॉर्न स्टीप लिकर असं घटक निश्चित नसलेलं काही असेल तर नेमक्या घटकांचं पर्यायी माध्यमही फॉर्ममध्ये द्या आणि त्यावर स्ट्रेन कसा दिसतो तेही लिहा. धोक्याचा रकाना कोरा सोडू नका; धोका माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असं लिहायची सोय आहे. हमीवर सही करण्याआधी मुदत वाचा: किमान ३० वर्षं, आणि नमुना शेवटचा मागितला गेल्यापासून किमान ५ वर्षं. तेवढा काळ स्ट्रेन तिथून हलत नाही, आणि कायद्याने परवानगी असलेल्याला नमुना द्यावा लागतो. हे सुरुवातीला जड जातं. पण पेटंट हवं तर एवढं द्यावंच लागतं, आणि मला ते रास्त वाटतं.

डिपॉझिटरी फक्त जिवंतपणा बघते, एन्झाइम बघत नाही, हेही ध्यानात ठेवा. स्ट्रेप्टोमायसीसचं गुणसूत्र सरळ रेषेतलं असतं आणि त्याच्या टोकांचे मोठमोठे तुकडे गळून पडू शकतात. स्ट्रेन छान वाढतो, उत्पादन मात्र घसरलेलं असतं. पाठवण्याआधी त्याच खेपेतला एखादा अ‍ॅम्प्यूल फोडा, पूड द्रवात अर्धा तास भिजू द्या, प्लेटवर पसरा, आणि तिथून शेक फ्लास्क (हलवत ठेवलेला चंबू) व छोट्या फर्मेंटरपर्यंत (ढवळणी आणि हवा असलेल्या टाकीपर्यंत) नेऊन एन्झाइम मोजा. फ्लास्कवर थांबू नका. ढवळणं आणि हवा बदलली की या तंतूंचे गोळे वेगळे होतात आणि आकडेही बदलतात.

त्याच खेपेतले काही अ‍ॅम्प्यूल स्वतःकडे राखून ठेवा. उद्या डिपॉझिटरीतला नमुना मेला, तर तसं कळवल्यापासून तीन महिन्यांत तोच जीव पुन्हा जमा करता येतो आणि मूळ तारीख टिकते. मात्र तो तोच आहे असं सही करून लिहून द्यावं लागतं. आमच्या खेपेतले अ‍ॅम्प्यूल दोन वेगळ्या इमारतींत आहेत आणि त्यांच्या नोंदवहीत पावतीचा क्रमांक पहिल्याच पानावर लिहिलेला आहे.