पत्रात लिहिलंय ‘निरोगी वजन’

लेकीच्या शाळेतल्या मोजमापाचं पत्र आलं. उंची, वजन, मोजल्याची तारीख, आणि खाली ठळक अक्षरांत ‘निरोगी वजन’. नवऱ्याने वाचून लगेच सासूबाईंना फोन लावला, त्याही खूश झाल्या. मला मात्र ते पत्र काही केल्या पटेना, म्हणून लिहायला बसले.

इंग्लंडमध्ये सरकारी शाळांतल्या मुलांची उंची आणि वजन दोनदा घेतात. एकदा रिसेप्शनच्या वर्गात, मूल ४-५ वर्षांचं असताना, आणि पुन्हा इयर सिक्समध्ये, १०-११ व्या वर्षी. नॅशनल चाइल्ड मेजरमेंट प्रोग्राम असं त्याचं नाव. २००५-०६ पासून चालू आहे आणि दर वर्षी दहा लाखांच्या वर मुलं यात मोजली जातात.

मोजण्याची रीत मला मनापासून आवडली. लेकीने घरी येऊन सगळं सांगितलं. बाजूच्या खोलीत एकेकाला बोलावलं, बूट काढायला लावले, उंच बांधलेली पोनीटेलही सोडायला लावली, कारण उंचीची पट्टी थेट डोक्याला टेकायला हवी. आकडा कुणी मोठ्याने वाचला नाही. ‘माझं किती भरलं?’ असं तिने विचारलं तर नर्स म्हणाली, घरी कळवू. कुठल्या मुलाचं किती भरलं हे शाळेलाही कळवत नाहीत. आईवडिलांना नको असेल तर आधी सांगायची सोय आहे, आणि मुलानेच नको म्हटलं तर त्याला मोजत नाहीत. वर्गासमोर काट्यावर उभं राहून, बाईंनी आकडा पुकारल्यावर मागच्या बाकावरचं हसू ज्यांनी ऐकलंय, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

आता पत्राबद्दल. इथे मुलांच्या बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती या मापाची, तुलना आजच्या मुलांशी करत नाहीत, १९९० च्या सुमाराच्या ब्रिटिश मुलांशी करतात. ते बरोबरच आहे. मोजपट्टी दर वर्षी बदलली तर पिढी जाड होतेय की नाही हे कळणार कसं? त्या काळच्या १०० मुलांना बीएमआयच्या क्रमाने उभं केलं तर ९५ व्या रेषेच्या वर पाच मुलं यायची. २०२३-२४ मध्ये इयर सिक्सची २२.१ टक्के मुलं त्या रेषेच्या वर होती. रिसेप्शनची ९.६ टक्के.

पण देशाची आकडेवारी काढताना जास्त वजनाची रेषा ८५ वर धरतात आणि घरी पत्र पाठवताना ९१ वर. लठ्ठपणाचंही तसंच, तिकडे ९५ आणि पत्रात ९८. उगाच आईबाप घाबरू नयेत, हा हेतू मला समजतो. माझी मुलगी ९१ च्या किंचित खाली आहे. म्हणजे देशाच्या हिशेबात ती जास्त वजनाची आणि आमच्या पत्रात निरोगी! ही गोष्ट पत्रात कुठेही लिहिलेली नाही, मी स्वतः शोधली.

बरं, १९९० ची ती मापं गोऱ्या मुलांची. आपल्या मुलांना ती लावायची कशी? आपल्या अंगाचं गणित वेगळं आहे हे जगाला पुण्याने दाखवलं. तिथल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या गावांतली नवजात बाळं साउथॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, त्यांची ३.५ किलोची. तरी आपल्या बाळांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती, घट होती ती स्नायूंत. पुढे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. इंग्लंडमधल्या दक्षिण आशियाई मुलांवरच्या संशोधनानेही हेच सांगितलंय, की त्यांच्या बीएमआयमध्ये साधारण १ मिळवला तर खरं चित्र दिसतं. मी मिळवून पाहिला. लेक रेषेच्या वर गेली.

शाळेच्या फाटकापाशी एका आईने मला विचारलं होतं, ‘तुमच्याकडे मुलं बारीकच असतात ना?’ तेव्हा मी हे सगळं तिला सांगितलं, पुण्याचं नाव घेऊन, आणि सांगताना मला अभिमानच वाटला. लेकीला यातलं काही बोलले नाही आणि बोलणारही नाही. तिची गोडाची सवय आणि संध्याकाळचं पळणं यांकडे मी बघते आहे, तेवढं पुरे. नवरा म्हणतो, सरकारच निरोगी म्हणतंय तर तू का वाईट शोधतेस? पण मी वाईट शोधत नाही, आपल्या मुलांचं माप आपल्याच मापाने घ्यावं एवढंच माझं म्हणणं आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये आपल्या मुलांसाठी तक्ते काढले, त्यांत मोठ्यांच्या २३ आणि २७ बीएमआयला जुळणाऱ्या, जास्त वजनाच्या आणि लठ्ठपणाच्या, रेषा आहेत. मी आता तेच वापरते.

तरीही हे मोजणं बंद करा म्हणणाऱ्या पालकांच्या बाजूने मी नाही. कोविडच्या काळात रिसेप्शनच्या मुलांतला लठ्ठपणा ९.९ वरून १४.४ टक्क्यांवर गेला, हे एका वर्षात कळलं. गरीब वस्त्यांतलं प्रमाण सधन वस्त्यांच्या दुपटीहून जास्त आहे, तेही यातूनच कळतं. एप्रिल २०१८ मध्ये साखरेच्या शीतपेयांवर कर लागला. त्यानंतर इयर सिक्सच्या मुलींमधला लठ्ठपणा अपेक्षेपेक्षा ८ टक्क्यांनी कमी राहिला, असं केंब्रिजच्या संशोधकांनी २०२३ मध्ये याच आकड्यांवरून मांडलं. मुलग्यांत तसा फरक दिसला नाही. हे आकडेच नसते तर करावर नुसतेच वाद झाले असते.

आपल्याकडे मोजत नाहीत असं कुणी म्हटलं तर मला राग येतो. अंगणवाडी सेविका दर महिन्याला वजन घेते, सॅम-मॅमची, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषित मुलांची, नोंद ठेवते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून वर्षातून एकदा शाळेत येतं. पण आपली नजर सगळी कमी वजनावर, आणि ती असायलाच हवी. मात्र पाच वर्षांखालच्या जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण देशात २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ३.४ झालं. दोन्ही टोकं एकाच काट्यावर दिसू शकतात.

आणि प्रगतिपुस्तकातला तो उंची-वजनाचा रकाना अजून आहे ना? आपण शाळेत असताना बाई तो पेनाने भरायच्या, वडील सही करायचे, आणि ते आकडे तिथेच राहायचे. तुमच्यापैकी कुणी शिक्षक असाल तर मला खरंच कळवा: हल्ली तो रकाना काट्यावर मोजून भरता का, आणि भरल्यावर पुढे तो कुणी मागतं का?