ग्रॅफीनची बॅटरी कधी येणार?

बॅटरीच्या पदार्थांवर काम करते म्हटलं की लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ती पाच मिनिटांत चार्ज होणारी ग्रॅफीनची बॅटरी कधी येणार? तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा नीट सांगते.

आधी एक खुलासा. कमी वेगाच्या इलेक्ट्रिक स्कूटरबरोबर 'ग्रॅफीन बॅटरी' म्हणून जी मिळते, ती बहुतेक वेळा शिसं आणि आम्लाचीच असते, थोडा कार्बन मिसळलेली. मी बोलतेय ती लिथियमच्या बॅटरीबद्दल.

आज मोबाइलच्या बॅटरीत ऋण बाजूला ग्रॅफाइट असतं. सहा कार्बनमागे एक लिथियम, त्यामुळे ग्रॅममागे 372 मिलिअँपिअर-तास ही त्याच्या साठवणीची कमाल मर्यादा. ग्रॅफीन म्हणजे याच ग्रॅफाइटचा एक अणू जाडीचा पापुद्रा. मँचेस्टरमध्ये गाइम आणि नोव्होसेलोव्ह या शास्त्रज्ञांनी 2004 मध्ये तो चिकटपट्टीने सोलून काढला. त्यातले काही कार्बन काढून नायट्रोजन किंवा बोरॉन बसवले की झालं डोपिंग. त्या जागांशी आणि आजूबाजूच्या खाचांशी लिथियम जास्त धरून राहतो. 2011 मध्ये चीनमधल्या शेनयांगच्या संशोधकांनी ग्रॅममागे नायट्रोजनवाल्या ग्रॅफीनमधून 1043 आणि बोरॉनवाल्यातून 1549 मिलिअँपिअर-तास मिळवून दाखवले. आकडे खरे आहेत, काम उत्तम आहे.

मग अडलंय कुठे?

नायट्रोजन घालायची एक सोपी रीत आहे. ग्रॅफीन ऑक्साइडमध्ये युरिया मिसळायचा, हो, शेतात टाकतात तोच, आणि आरगॉन वायूत नळीच्या भट्टीत तापवायचं. हाती येते काळी भुकटी, इतकी हलकी की झाकण उघडताना श्वास रोखावा लागतो. बाटली गच्च भरलेली दिसते आणि तराजूवर जेमतेम काही मिलिग्रॅम भरतात. मोबाइलमध्ये जागा मोजून मिळते, तिथे हा पसारा परवडत नाही.

त्याहून मोठी अडचण पहिल्याच चार्जिंगला येते. ग्रॅफीनचा पृष्ठभाग अफाट, तत्त्वतः ग्रॅममागे 2630 चौरस मीटर. त्या सगळ्यावर इलेक्ट्रोलाइट, म्हणजे दोन्ही बाजूंमध्ये लिथियमची ने-आण करणारा द्रव, विघटित होऊन थर बसतो आणि त्यात लिथियम अडकतो. कित्येकदा निम्मा परतच येत नाही. प्रयोगाच्या बटणाएवढ्या छोट्या सेलमध्ये हे जाणवत नाही, कारण समोर लिथियम धातूची अख्खी चकती असते, हवा तेवढा लिथियम पुरवणारी. खऱ्या बॅटरीत धन बाजूने जेवढा लिथियम आणला तेवढाच. गेला तो गेला. शिवाय लिथियम धातूच्या तुलनेत मोजलं तर ग्रॅफाइट आपली बहुतेक क्षमता 0.2 व्होल्टच्या खाली देतं. डोप केलेल्या ग्रॅफीनचा व्होल्टेजचा आलेख मात्र घसरगुंडीसारखा पसरतो, आणि मोठ्या आकड्यांतला बराच वाटा 1 व्होल्टच्या वरचा असतो. बॅटरीचा व्होल्टेज म्हणजे दोन्ही बाजूंतला फरक, त्यामुळे तेवढा पुऱ्या बॅटरीचा व्होल्टेज कमी होतो. म्हणून नवा शोधनिबंध हातात आला की मी आधी चार्ज-डिस्चार्जच्या पहिल्या फेरीत किती टक्के लिथियम परत मिळाला ते बघते.

तेव्हा मोबाइलमधल्या ग्रॅफाइटची जागा हे पूर्णपणे घेईल, असं मला वाटत नाही. पण सिलिकॉनच्या जोडीला याचं मोल फार आहे. सिलिकॉन भरपूर लिथियम घेतं, पण फुगून तिपटीहून मोठं होतं, तडकतं, आणि सुटलेले तुकडे विजेच्या वाटेपासून तुटतात. डोप केलेलं ग्रॅफीन त्यांच्याभोवती लवचीक, वीज वाहणारं आवरण धरतं, आणि तिथे ते थोडंच लागतं. माझा जीव सध्या या कामात गुंतलाय.