अग्रिप्पाचं नाणं घेऊन रोममध्ये (म्हणजे त्याचा फोटो)

माझा समुद्रदेव मला पहिल्यांदा भेटला तो कोल्हापुरात. टाउन हॉल म्युझियममध्ये पोसायडनची कांस्यमूर्ती आहे, पंजात मावेल एवढी. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीत सापडलेली, रोमन जगातून व्यापाराच्या वाटेनं आलेली. शाळेच्या सहलीत बाई "चला, चला" म्हणत पुढं गेल्या आणि मी तिच्यापाशीच रेंगाळले.

पुढं नोकरीसाठी लंडनला आले आणि देवदेवता असलेली रोमन ब्राँझ नाणी जमवायचा नाद लागला. चांदीचा दिनार सुबक असतो, पण पाव आणि तेल घेताना हातोहात फिरून झिजलेला देव मला जास्त जवळचा वाटतो. पहिली खरेदी मात्र फसली. रोमन सम्राट कॅलिगुलाच्या नाण्यावरची सिंहासनावर बसलेली व्हेस्टा, म्हणजे चुलीची देवी, म्हणून घेतली, तर तिच्या वस्त्राच्या चुण्या हल्लीच कुणीतरी सुईनं कोरून ठळक केलेल्या निघाल्या. तेव्हापासून आधी भिंग काढते. हिरवट-तपकिरी पॅटिना, म्हणजे काळानं धातूवर चढलेला थर, रेघांच्या तळापर्यंत सलग उतरलीय का, ते बघते. आणि नाणं कुठल्या जुन्या संग्रहातून आलं याची चिठ्ठी नसेल, तर कितीही आवडलं तरी परत ठेवते.

अग्रिप्पाचं, म्हणजे सम्राट ऑगस्टसच्या सेनापतीचं, नाणं असं पारखून घेतलं. हे 'आस', म्हणजे कमी किमतीचं रोमन नाणं, खरं तर तांब्याचं, वजन साधारण ११ ग्रॅम. पाडलं कॅलिगुलाच्या काळात, आपल्या आजोबांच्या आठवणीसाठी. छाप्याच्या बाजूला अग्रिप्पा, डोक्यावर जहाजांच्या नाळींचा मुकुट. इ.स.पू. ३६ मधल्या नौलोकसच्या आरमारी विजयाचा हा मान. काट्याच्या बाजूला उभा नेपच्यून, म्हणजे रोमन लोकांचा पोसायडन, खांद्यावरून मागं सुटलेलं वस्त्र, एका हातात डॉल्फिन, दुसऱ्यात त्रिशूळ. माझ्या नाण्यावर डॉल्फिनची शेपटी झिजून गेलीय, त्रिशूळाची तिन्ही टोकं मात्र शाबूत आहेत.

गेल्या ऑक्टोबरात रोमला गेले. पुरातन वस्तूंबाबत इटलीचे कायदे कडक, म्हणून नाणं घरीच ठेवलं, फोटो नेला.

पहिला दिवस फोरममध्ये, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकात, गेला. व्हेस्टाच्या गोल देवळाचे पुन्हा उभारलेले थोडे खांब बघितले. दारांचा देव जेनस, त्याच्या देवळाचा मात्र मागमूसही नाही. साम्राज्यात शांतता असली की त्याचे दरवाजे बंद ठेवायचे, आणि ते बंद केल्याची खूण म्हणून सम्राट नीरोनं नाणी पाडली. मिटलेली दारं, वर फुलांची माळ, बाजूला जाळीची खिडकी. ते देऊळ दिसायचं कसं, हे आज आपण त्या नाण्यांवरून सांगू शकतो. दगड गेले आणि तळहाताएवढंही नसलेलं तांबं-पितळ उरलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकरच पँथिऑन या प्राचीन देवळासमोर उभी राहिले. आजची इमारत अग्रिप्पानंतरच्या सम्राट हेड्रियनच्या काळातली, पण कपाळपट्टीवर नाव त्यानं अग्रिप्पाचंच ठेवलं. फोनवर नाण्याचा फोटो मोठा केला आणि एकेक अक्षर ताडून बघू लागले. वर दगडावर: एम. अग्रिप्पा, एल. एफ., कोस. नाण्यावरही तेच. लुसियसचा मुलगा मार्कस अग्रिप्पा, कॉन्सुल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी. पुढं दगडावर 'तेर्तिउम', तिसऱ्यांदा, असं अख्खं लिहिलंय. नाण्यावर जागा अपुरी, म्हणून नुसत्या तीन उभ्या रेघा. शेवटचा 'फेकित', म्हणजे 'बांधलं', हा शब्द तेवढा नाण्यावर नाही. अंगावर काटा आला.

मग इमारतीला वळसा घालून मागच्या व्हिया देल्ला पालोंबेल्ला या गल्लीत गेले. बहुतेक लोक इकडं फिरकतच नाहीत. आरमारी विजयांसाठी अग्रिप्पानं इ.स.पू. २५ मध्ये नेपच्यूनची बॅसिलिका, म्हणजे मोठं सभागृह, बांधली होती. तिची विटांची भिंत इथं पँथिऑनच्या पाठीला चिकटून उभी आहे. वरच्या संगमरवरी पट्टीवर शिंपले, डॉल्फिन आणि मधे मधे त्रिशूळ. इथल्या डॉल्फिनांना शेपट्या आहेत, चांगल्या वळलेल्या. माझ्या नाण्यावरून नेमकं काय झिजलं, ते मला त्या भिंतीवर बघायला मिळालं.

तिथूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन वर धरला. बाबा चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "अगं, हा आपल्या टाउन हॉलातलाच की."