स्विच बंद असूनही उतरलेली बॅटरी

आमच्या वर्कशॉपमध्ये ऐन थंडीत एक गृहस्थ मोटारहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, घेऊन आले आणि आतल्या दिवे-पंपांची बॅटरी काढून, ‘चार्जर लावून ठेवा, तासाभरात येतो,’ असे सांगून निघालेही. बॅटरी टेबलावर ठेवताना तिच्या दोन्ही बाजू फुगलेल्या दिसल्या, म्हणून मी त्यांना थांबवले. झाकणे उघडून टॉर्चच्या उजेडात पाहिले, तर प्लेटांवर भुरकट बर्फ साचला होता. बॅटरी हलवूनही आतून द्रव डुचमळल्याचा आवाज येत नव्हता. गोठलेल्या बॅटरीला चार्जर लावला तर ती फुटण्याचा धोका असतो, त्यामुळे मी साफ नकार दिला.

‘थंडीनेच घात केला,’ असे ते म्हणाले. रात्रीचे तापमान उणे 15 अंशांपर्यंत उतरत होते हे खरे. पण पूर्ण चार्ज असलेली, म्हणजे सुमारे 12.7 व्होल्ट दाखवणारी लेड-ॲसिड बॅटरी एवढ्या थंडीत गोठत नाही. बॅटरी उतरत जाते तसतसे ॲसिडमधील सल्फेट प्लेटांवर जमते, उरलेला द्रव पाण्याच्या जवळ जातो आणि मग उणे सात-आठ अंशही त्याला पुरतात. प्रश्न होता तो ही बॅटरी उतरली कशी याचा, कारण गाडी ठेवताना मुख्य स्विच आपण स्वतः बंद केला होता, यावर ते ठाम होते.

त्यांचे म्हणणे खरे निघाले. आमची चांगली बॅटरी बसवून, स्विच बंद ठेवून, निगेटिव्ह वायरीच्या मार्गात मल्टिमीटर जोडला, तर 0.09 अँपिअर प्रवाह वाहतच होता. वायरी तपासत गेल्यावर गॅसगळतीची सूचना देणाऱ्या यंत्राची वायर स्विचला वगळून थेट बॅटरीकडे गेलेली सापडली. हे सुरक्षेचे यंत्र चुकून बंद पडू नये म्हणून अनेक गाड्यांत अशी जोडणी मुद्दामच करतात. मात्र दिवसाला दोन अँपिअर-तासांहून थोडी अधिक अशी ही गळती 100 अँपिअर-तासांची बॅटरी दीड महिन्यात रिकामी करते.

बर्फ वितळताच तळाच्या भेगेतून ॲसिड पाझरू लागले आणि बॅटरी भंगारात गेली. नवी बॅटरी सिमेंटच्या जमिनीवर ठेवली तर उतरते का, असेही त्यांनी विचारले. हल्लीच्या प्लॅस्टिकच्या डब्यांना ती भीती नाही. गाडी दीर्घकाळ उभी करताना बॅटरी पूर्ण चार्ज करून आधी निगेटिव्ह वायर सोडावी, महिन्यातून एकदा व्होल्टेज पाहावे आणि ते 12.4 च्या खाली दिसल्यास पुन्हा चार्ज करावी, असे मी त्यांना सांगितले. वायर सोडल्यावर गॅसचे यंत्रही बंद पडते, त्यामुळे सिलिंडर आधीच बंद करायचा आणि पुन्हा वापर सुरू करताना यंत्राचे बटण दाबून ते वाजते याची खात्री झाल्यावरच उघडायचा.