सिन्नरचं गारगोटी संग्रहालय: विहिरीतले दगड काचेआड पाहताना

मामा एका काचेपुढे थांबले ते पुढे सरकेचनात. आत पिकलेल्या पीचच्या रंगाचा एक स्फटिक होता. कडब्याची पेंढी मधोमध करकचून बांधावी आणि दोन्ही टोकांना फुलून यावी, हुबेहूब तसा. स्टिलबाइट. मामांची उभी हयात संगमनेर-सिन्नर पट्ट्यात विहिरी खणण्यात गेली. बराच वेळ पाहून म्हणाले, "हे तर आपल्या विहिरीत घमेल्यानं निघायचं गं. मलब्याबरोबर काठावर ओतून द्यायचो."

मामांनी हे पाहावं एवढ्यासाठीच मी हा बेत आखला होता. शिर्डीला जाणारे हजारो लोक सिन्नरवरून जातात, आणि जगभरचे खनिजप्रेमी ज्या दगडांसाठी जीव टाकतात ते इथे अर्ध्या तासाच्या वळणावर आहेत हे बहुतेकांना ठाऊक नसतं. नौदलात नोकरी केलेल्या के. सी. पांडे यांनी हे संग्रहालय उभं केलं. नावही नेमकं ठेवलं: गारगोटी.

पण याच नावामुळे आधी पत्त्याचं सांगते. नकाशावर नुसतं 'गारगोटी' टाकलंत तर कोल्हापूर जिल्ह्यातलं, भुदरगड तालुक्याचं गारगोटी गाव समोर येईल. दुसरी फसगत मालेगावची. संग्रहालय सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत आहे, ळ बाळातला. इंग्रजी अक्षरांत लिहिलं की हा ळ जातो आणि नाशिकच्या पलीकडचं, शंभरेक किलोमीटरवरचं मालेगाव पुढे येतं. आमचा धुळ्याहून येणारा भाचेजावई तिकडेच निघाला होता. तेव्हा 'गारगोटी संग्रहालय, सिन्नर' असं पूर्ण टाका. नाशिकहून अंतर तीसेक किलोमीटर, पुणे रस्त्याने. वाटेत मोहदरी घाट लागतो. तिथे कापलेल्या डोंगराकडे जरूर पाहा: एकावर एक पायऱ्यांसारखे बसलेले काळ्या खडकाचे थर दिसतात. संग्रहालयात जे पाहणार आहात त्याची प्रस्तावना तिथेच उघडी पडलेली आहे.

एसटीने येणार असाल तर सिन्नरच्या स्टँडवरून रिक्षा करा. औद्योगिक वसाहतीत उन्हात पायी फिरण्यात अर्थ नाही. वेळ आणि तिकीट निघण्याआधी फोन करून विचारून घ्या, आणि फोटो काढता येतात का तेही त्याच फोनमध्ये विचारा.

आता त्या थरांचं. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, एकदा नव्हे, अनेकदा. थरावर थर साचले. आजही जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर तो काळा खडक, म्हणजे बेसाल्ट, पसरलेला आहे आणि आपला बहुतेक महाराष्ट्र त्याच्यावरच उभा आहे. लाव्हा निवताना त्यातला वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर येतो आणि थराच्या वरच्या भागात अडकतो. जाळीदार घावनात भोकं राहतात तशी खडकात भोकं राहतात. पुढे त्या भोकांतून गरम पाणी झिरपतं. ते येताना खडकातलं सिलिका, कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम विरघळवून आणतं आणि निवता निवता पोकळीच्या भिंतीवर सोडून जातं. पोकळी आतून रिकामी असल्यामुळे स्फटिकाला हवं तसं वाढायला जागा मिळते. म्हणून हे आकार इतके रेखीव.

मी हे मामांना समजावू लागले तर त्यांनीच मला पुढचं सांगितलं. "वरून मुरूम, मग मांजऱ्या, मग कडक काळा. मांजऱ्या लागला की पाण्याची आशा असते. हे चमकी दगड त्या मांजऱ्यातच असायचे. काळ्यात सुरुंग घातला तरी नुसती खडी." भूशास्त्राच्या पुस्तकात कुहरी बेसाल्ट म्हणतात तोच हा मांजऱ्या. पहार मारून खडक ओळखणाऱ्या माणसाला हे सगळं हाताने ठाऊक होतं, नावं तेवढी त्या दिवशी कळली.

दालनं दोन आहेत, एक दख्खनच्या पठारावरच्या खनिजांचं आणि दुसरं निवडक, मौल्यवान नमुन्यांचं. वेळ कमी असेल तर बेधडक पहिल्या दालनात थांबा. निवडक, मौल्यवान नमुने जगात इतरत्रही पाहायला मिळतील, पण आपल्या मातीतली ही श्रीमंती एका छपराखाली अशी क्वचितच.

अपोफिलाइटपासून सुरुवात करा. चौकोनी खांब, वर मंदिराच्या शिखरासारखं टोक. बाजूंवर उभ्या बारीक रेघा असतात आणि टोक सपाट असेल तर तिथे मोत्याची झाक दिसते. एकाच स्फटिकाच्या दोन अंगांची चकाकी अशी वेगळी असते, हे एकदा लक्षात आलं की तो कुठेही ओळखता येतो. बहुतेक पाण्यासारखे पारदर्शक असतात. हिरवे निघतात ते पुणे-जळगाव भागात, आणि तो हिरवा रंग व्हॅनेडियम या धातूमुळे येतो.

त्याच व्हॅनेडियमची दुसरी करामत म्हणजे कॅव्हनसाइट. गोकर्णाच्या फुलाचा गडद निळा रंग, आणि तोही पांढऱ्या स्टिलबाइटवर टेकवलेले छोटे छोटे गेंद. एकेक गेंद हरभऱ्याएवढा. काट्यांसारखी पाती मध्यातून चहूकडे निघालेली. हे खनिज पहिल्यांदा सापडलं १९६७ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये, पण जगातले सर्वांत देखणे नमुने आले पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतून. ज्या वाघोलीत आपण ट्रॅफिकमध्ये अडकून बसतो, तीच. मी त्या काचेपुढे तीनदा परत गेले.

स्कोलेसाइटच्या सुया पाहून मामांना कासाचे तुरे आठवले. ओकेनाइट मात्र दगड वाटतच नाही, शेवरीच्या बोंडातला कापूस पोकळीत ठेवल्यासारखा दिसतो. ते तंतू इतके नाजूक की बोट लागलं तर चपटे होतात आणि पुन्हा उभे राहत नाहीत. त्याच्याजवळ उभं राहून विचार करा: सुरुंग, पहार, घण, ट्रॅक्टर हे सगळं चुकवून हा कापूस आपल्यापर्यंत आला कसा? कुणीतरी खाणीत काम थांबवून, छिन्नीने भोवतालचा खडक हळूहळू सोडवून तो बाहेर काढला म्हणून. एरवी अशा हजारो पोकळ्या क्रशरमधून खडी होऊन आपल्या रस्त्यांत आणि स्लॅबमध्ये गेल्या आहेत. मला याची खरोखर हळहळ वाटते.

स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ही सगळी झिओलाइट कुळातली. हे नाव १७५६ मध्ये क्रोन्स्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने दिलं. दगड तापवल्यावर त्यातून वाफ निघाली, उकळल्यासारखा तो फसफसला, म्हणून ग्रीक भाषेत 'उकळणारा दगड'. स्फटिकाच्या सांगाड्यात सूक्ष्म बोगदे असतात आणि त्यात पाणी राहतं. याच बोगद्यांमुळे कारखान्यात बनवलेलं झिओलाइट कपड्यांच्या पावडरीत घालतात, साबणाला फेस न येऊ देणारं कठीण पाणी मृदू करायला. अपोफिलाइट यांच्याच संगतीत सापडतो, पण कुळ वेगळं.

पाहण्याबद्दल थोडं अनुभवाचं. मी हौसेने दहा पटींचं भिंग नेलं होतं. ते काचेबाहेरून कामाचं नाही, वस्तू अगदी इंचभर अंतरावर असावी लागते. त्याऐवजी पक्षी बघायची छोटी दुर्बीण न्या, दीडदोन मीटरवर फोकस होणारी. दोन पावलं मागे सरून पाहिलं की स्टिलबाइटच्या पेंढीतली एकेक काडी सुटी दिसते. लहान मुलं बरोबर असतील तर गुडघ्यावर बसून त्यांच्या उंचीवरून पाहा. प्रकाश वेगळ्या कोनातून परततो आणि मघाशी मुका वाटलेला दगड झळकतो. निदान दोन तास हाताशी ठेवा. शिर्डीहून परतताना दमलेल्या अंगाने येऊ नका, सकाळी ताजेतवाने या.

नमुने विकत घ्यायचा मोह होईलच. संग्रहालयात घ्या किंवा बाहेर कुठे, तीन गोष्टी पाहा. भडक गुलाबी, जांभळा, पोपटी रंग दिसला तर भेगांत डोकवा. रंग भेगांत साचलेला असेल तर तो वरून दिलेला आहे. ओकेनाइट निसर्गात जवळपास नेहमी पांढराच असतो. दुसरं, तो कुठल्या गावच्या, कुठल्या खाणीतला हे विचारा आणि चिठ्ठीवर लिहून घ्या. ठिकाण माहीत नसलेला नमुना शोभेचा उरतो, अभ्यासाला जवळपास निरुपयोगी. तिसरं, घरी आणून नळाखाली धरू नका. मऊ ब्रशने धूळ झटका, आणि जांभळा ॲमेथिस्ट असेल तर उन्हाच्या खिडकीत ठेवू नका, रंग उडतो.

दुपारी जेवून आम्ही गोंदेश्वराला गेलो. सिन्नरला येऊन ते देऊळ चुकवू नये. यादवकाळातलं शैव पंचायतन, मध्ये महादेव आणि चार कोपऱ्यांना चार छोटी देवळं, सगळं इथल्याच काळ्या दगडात. ऊन कललं की शिखरावरची नक्षी उठून दिसते, म्हणून चारनंतर जा. मामा मात्र मूर्तींऐवजी दगडच न्याहाळत होते, तळव्याने चाचपत.

घरी परतल्यावर ते गोठ्यात गेले आणि कोनाड्यातून एक धुळीने माखलेला दगड घेऊन आले. मूठभर पेंढी, एक टोक तुटलेलं. आम्ही तो मिठाईच्या खोक्यात कापसावर ठेवला. चिठ्ठी मी लिहिली, मजकूर मामांनी सांगितला: "स्टिलबाइट. खालच्या मळ्यातली विहीर, चाळीस फुटांवर, मांजऱ्यात. दुष्काळाच्या वर्षी."