मामांची अर्धी बाटली

मामांच्या तोंडाच्या कॅन्सरवर लिहू का नको असं बरेच दिवस चाललं होतं, शेवटी त्यांनाच विचारलं तर म्हणाले, "लिव की पोरी, फक्त माझं नाव घालू नको." म्हणून लिहितेय.

मामा तालमीतले, आणि तालमीच्या कट्ट्यावरच तंबाखू-सुपारीचा मावा लागला. पंचवीस वर्षं. गालाच्या आत पांढरा चट्टा आला तो मामींनी बघितला तेव्हाही वर्षभर कुणाला दाखवला नाही. मग ऑपरेशन, तेहतीस दिवस रेडिएशन, तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं, रविवारी घरात पांढरा रस्सा झाला की ते उठून रंकाळ्यावर जाऊन बसतात. हे सगळं सोसून झालं आणि आठ महिन्यांत मानेत परत गाठ आली.

मी बायोटेकमध्ये एम.एस्सी. केलंय, ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते. २०१८ चं मेडिसिनचं नोबेल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना कशासाठी मिळालं ते मी दरवर्षी इम्युनिटीच्या धड्याला जोडून मुलांना सांगते. पण तीच इम्युनोथेरपी, म्हंजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारा उपचार, घरातल्या माणसाला सुचवली जाते आणि समोरचा माणूस कॅल्क्युलेटरवर आकडा काढून दाखवतो, तेव्हा काय वाटतं ते त्या दिवशी कळलं. फुल डोसचा सहा महिन्यांचा खर्च म्हंजे मामांचं अर्धं शेत. त्या हॉस्पिटलमध्ये दुसरा काही मार्ग आहे का यावर कुणी बोललंच नाही, "बघा विचार करून" एवढंच. मला अजून त्याचा राग आहे.

मामांना मी औषध कुस्तीतूनच समजावलं. आपल्या रक्तातल्या टी-सेल म्हंजे पैलवान, शरीरात परका कोण दिसला की धरायचा. पण या पैलवानाच्या अंगावर पीडी-वन नावाचा एक हात असतो, आणि कॅन्सरची पेशी काय करते, स्वतःचा हात पुढं करून त्याच्याशी मिळवते, मग पैलवानाला वाटतं हा आपल्याच तालमीतला, सोडा याला. मामांना सुचवलेलं औषध निव्होलुमॅब ही अँटिबॉडी आहे, म्हंजे ठराविक जागीच चिकटणारं प्रोटीन, ती जाऊन पैलवानाचा तो हात आधीच धरून ठेवते. कॅन्सरला हात मिळवायला जागाच राहत नाही, कुस्ती लागते. मामा लगेच म्हणाले, "मग हात धराय माणसं किती लागत्यात?"

खरं सांगते, अख्ख्या विषयातला सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे. जुन्या केमोत हिशोब सरळ होता, पेशंटला सोसवेल तेवढा जास्तीत जास्त डोस द्यायचा कारण जास्त विष म्हंजे जास्त पेशी मरणार. अँटिबॉडीचं तसं नाही. हात मोजकेच असतात, ते एकदा धरले गेले की वर आणखी शंभर माणसं आणून उभी केली तरी जास्त काही धरलं जात नाही, आणि निव्होलुमॅबच्या सुरुवातीच्या अभ्यासांतच दिसलं होतं की अगदी कमी डोसलाही बरेचसे हात भरलेले असतात. तरी ठरलेला डोस राहिला दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम.

मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी हे धरून ट्रायल केली. परत उलटलेला किंवा पसरलेला डोक्या-मानेचा कॅन्सर असलेले १५१ पेशंट, सगळ्यांना तीन साध्या गोळ्या, म्हंजे आठवड्याला मेथोट्रेक्सेट, रोज सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब, आणि त्यातल्या निम्म्यांना वर निव्होलुमॅब, पण किती, तर दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम. सहा आठवड्यांचा हिशोब मांडला तर ७२० च्या जागी ४०. नुसत्या गोळ्यांवर एक वर्षानंतर १६.३ टक्के पेशंट जिवंत होते, इंजेक्शनवाले ४३.४ टक्के. यात फुल डोसशी तुलना नव्हती हे लक्षात ठेवा, आणि हा आजार कायमचा बरा करणारा उपायही नाही. पण भारतातल्या पुरुषांत तोंडाचाच कॅन्सर सगळ्यात जास्त, आणि त्यातल्या किती घरांना फुल डोस परवडणार?

हे आम्हाला सांगितलं दुसऱ्या एका तरुण डॉक्टरांनी, कागदावर आकडे काढून, "मामा, गॅरंटी नाही, पण करून बघण्यासारखं आहे" म्हणाले. फेब्रुवारी २०२४ ला पहिलं इंजेक्शन झालं.

एप्रिलमध्ये टीव्हीवर राष्ट्रपती आयआयटी बॉम्बेत आल्याची बातमी लागली, आपल्याकडं तयार झालेली कार-टी थेरपी, नेक्सकार१९. रक्तातल्या टी-सेल बाहेर काढायच्या, त्यांना कॅन्सर ओळखायचं जनुक द्यायचं, वाढवायच्या, परत सोडायच्या. परदेशात तीन-चार कोटींना पडणारी गोष्ट इथं त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात. मामींनी लगेच फोन केला, "अगं हे मामांना चालंल का?" नाही म्हणताना फार जड गेलं. ती सीडी-१९ ही खूण ओळखते, ती बी-सेल नावाच्या रक्तातल्या पेशींवर असते, म्हणून रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये चालते. गालाच्या गाठीवर अशी एकच, फक्त तिथंच असणारी खूण सापडत नाही, आणि घट्ट गाठीत टी-सेल सहज शिरत नाहीत, शिरल्या तरी आत दमतात.

नवीन साधनं मी रोज वाचते आणि मनापासून आनंद होतो. प्रोटीनचा आकार कॉम्प्युटरवर सांगणारं अल्फाफोल्ड, ज्याच्या निर्मात्यांना २०२४ च्या केमिस्ट्रीच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. पेशंटच्या गाठीचा तुकडा घेऊन जेलमध्ये वाढवलेली छोटी गाठ, ऑर्गॅनॉइड, तिच्यावर आधी औषध तपासून बघायचं, आपल्या देशाच्या नियमांत २०२३ पासून औषधाच्या चाचण्यांत अशा पद्धतींना जागा झालीय. इम्युनोथेरपीसाठी त्यात पेशंटच्याच टी-सेल मिसळाव्या लागतात कारण अशा वाढवलेल्या नुसत्या गाठीत पैलवानच नसतो. हे सगळं व्हायलाच पाहिजे. पण कमीत कमी किती औषधात भागतं हे शोधणं पण तेवढंच मोठं संशोधन आहे असं माझं ठाम मत आहे, आणि ते कुठली कंपनी आपल्या पैशानं करणार, विक्रीच कमी होणार ना. ते सरकारी पैशानं आणि टाटासारख्या ठिकाणीच होणार.

मामांची गाठ लहान झाली, गेली नाही. मध्ये खूप थकवा यायला लागला तर थायरॉईड कमी झालेलं निघालं, हा या औषधाचा माहीत असलेला परिणाम आहे, आता रोज सकाळी गोळी. जुलाब लागले किंवा दम लागला तर घरी थांबायचं नाही, लगेच फोन करायचा, हे मामींनी फ्रीजवर लिहून चिकटवलंय.

निव्होलुमॅबची छोटी बाटली ४० मिलिग्रॅमची येते. मामांना लागतं २०. उघडलेली बाटली ठेवून चालत नाही म्हणून हॉस्पिटल दोन पेशंटना एकाच दिवशी बोलावतं. मामांच्या जोडीला गडहिंग्लजचे एक काका होते, एसटीनं यायचे, दोघांचं बोलणं अर्ध्या तोंडानंच पण तासभर चालायचं, ऊस, कारखाना, जुनी मैदानं. सहाव्या वेळी आम्ही गेलो तर काका आले नव्हते. सिस्टरनी फोन लावला, बाहेर जाऊन बोलल्या, परत आल्या आणि काही न बोलता मामांची सुई लावली. पुढच्या तारखेला कागलच्या एक ताई आल्या होत्या, खूप घाबरलेल्या. मामा खुर्ची सरकवून त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "ताई, दुखत नाही बघा. निम्मी बाटली तुमची, निम्मी माझी."