दूध गटारात गेलं त्या दिवशी

पहाटे सव्वाचारला आमच्या डेअरीच्या ईटीपीवरच्या, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रावरच्या, ऑपरेटरचा फोन आला. "साहेब, इक्वलायझेशन टाकी पांढरी झालीय." सांडपाणी आधी साठून एकजीव होतं ती ही टाकी. दुधाच्या सायलोखालच्या (उंच साठवण टाकीखालच्या) व्हॉल्व्हचा गॅस्केट फाटला होता आणि सुमारे ४,००० लिटर दूध फरशीच्या गटारातून सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, म्हणजे आमच्याकडे, आलं होतं.

दूध बाळाला पाजतो, त्यानं ओढ्याचं काय बिघडणार, असं पुष्कळांना वाटतं. पाण्यातली घाण खाताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू म्हणजे बीओडी. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो. दुधाचा सुमारे १ लाख. म्हणजे हे ४,००० लिटर कुजताना जिवाणू ४०० किलो प्राणवायू ओढून घेणार. लिटरभर स्वच्छ पाण्यात विरघळलेला प्राणवायू असतो जेमतेम ८ मिलिग्रॅम. हिशोब मांडा: ५ कोटी लिटर पाण्यातले मासे गुदमरतील. एप्रिलात आमच्या मागच्या ओढ्याला घोटाभर पाणी असतं.

आमचा ईटीपी दिवसाला २०० घनमीटर पाणी आणि ३०० किलो बीओडी पेलतो. अशा वेळी प्रक्रियेविना पाणी थेट बाहेर सोडणारा बायपासचा पाइप असला की मोह होतोच. आमच्या मालकांनी तो पूर्वीच कापून दोन्ही तोंडं वेल्ड करून टाकली होती आणि १०० घनमीटरची एक टाकी कायम रिकामी ठेवायचा दंडक घातला होता. सांडलवंड स्वतःहून कळवणाऱ्या कामगाराचा पगार कापायचा नाही, हाही त्यांचाच नियम. माझ्या मते त्या दिवशी ओढा वाचला तो आधी या नियमामुळे. सायलोवरच्या माणसानं दहा मिनिटांत ईटीपीवर सांगितलं. पगाराच्या भीतीनं त्यानं पाणी मारून फरशी धुतली असती, तर दूध एरेशन टाकीत (इथे हवा फुंकून घाण खाणारे जिवाणू पोसतात) उतरल्यावरच आम्हाला समजलं असतं.

एरेशनकडे जाणारा पंप आधी बंद केला आणि ७० घनमीटर पांढरं पाणी राखीव टाकीत वळवलं. ईटीपीला ताण असेल तर दूध स्वीकारणं थांबवायचा अधिकार आमच्या विभागाला आहे. तो वापरला. अकरापर्यंतचे टँकर शेजारच्या डेअरीला पाठवले. शेतकऱ्यांचे पैसे चुकते झाले, तोटा कंपनीनं सोसला.

बीओडीचा अहवाल यायला तीन दिवस लागतात, म्हणून निर्णय सीओडीवर घ्यायचा, म्हणजे घाण रसायनानं जाळायला किती प्राणवायू लागतो त्यावर. तो दोन-तीन तासांत कळतो. आकडा आला लिटरला १४,००० मिलिग्रॅम. दूध उन्हाळ्यात आपोआप आंबतंच, त्याच्याशी झगडण्यात अर्थ नव्हता. सीआयपीचं, म्हणजे यंत्रं न उघडता आतून धुताना वापरलेलं, ॲसिड थोडं थोडं सोडत पीएच ४.६ वर आणला. तिथे केसिन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन, फाटून गुठळ्या होतात. घाईनं ॲसिड ओतून पीएच ४ च्या खाली गेला, तर केसिन पुन्हा विरघळू लागतं आणि मेहनत वाया जाते. मग डीएएफ नावाच्या टाकीत हवेच्या बारीक बुडबुड्यांनी केसिन आणि स्निग्धांश वर आणून साय काढावी तसे काढले. हा चोथा बायोगॅसला गेला. सीओडी उतरला ५,५०० वर. उरली ती मुख्यतः दुधातली साखर. ती गुठळ्यांत अडकत नाही, जिवाणूंनाच खाऊ घालावी लागते.

धुण्यातल्याच वापरलेल्या कॉस्टिक सोड्यानं पीएच ७.२ केला आणि ते पाणी रोज १४ घनमीटर या बेतानं नेहमीच्या पाण्यात मिसळलं. जिवाणूंना लागणाऱ्या नायट्रोजनसाठी युरिया घातला नाही. दुधात नायट्रोजन पुरेसा असतो. तरी पहिल्या दुपारी एरेशनमधला प्राणवायू लिटरला २ मिलिग्रॅमवरून ०.८ वर आला. अशा वेळी तंतुमय जिवाणू माजतात, जिवाणूंचा गाळ फुगतो, बसत नाही आणि क्लॅरिफायरवरून (गाळ खाली बसवायच्या टाकीवरून) वाहून जातो. लिटरच्या नळकांड्यात अर्धा तास ठेवलेला गाळ ३५० मिलीवरून ४८० वर चढला होता. दोन तास मिसळणं थांबवलं, राखीव एरेटर सुरू केला, संध्याकाळी प्राणवायू १.९ वर आला.

प्रदूषण नियंत्रण मंडळाला त्याच सकाळी लेखी कळवलं. जल कायद्याचं कलम ३१ तेच सांगतं, आणि कोणी तक्रार केल्यावर कळवण्यापेक्षा आधी कळवलेलं बरं.

सायलोखालच्या गटाराला आता झडपेचं झाकण आणि गढूळपणा मोजणारा सेन्सर बसला आहे. गॅस्केट दर सहा महिन्यांनी बदलतात, फाटायची वाट पाहत नाहीत. सहाव्या दिवशी राखीव टाकी धुऊन पुन्हा रिकामी केली.